डावीकडे वळलेली दांडी

१

डोमा मेश्रामांचं पत्र आलं त्या दिवशी डॉक्टर सेवकराम हटवारांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि उद्या उत्तर लिहू असं ठरवलं. त्या उद्याला आता पाच वर्षं झाली होती.

पत्र वहीच्या कागदावर होतं. अक्षर मोठं, एकेक शब्द सुटा.

'डॉक्टरसाहेबांना सविनय जयभीम. मागच्या फेब्रुवारीत तुम्ही माझ्या मुलीच्या, दीपमालाच्या नाकाचं ऑपरेशन केलं. नाक चांगलं झालं होतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझ्या हातून तिला एक थापड बसली. जन्मात पहिली. त्यानंतर सगळ्यांना दिसलं की नाक वाकडं झालं. तुम्ही एवढंच सांगा की ते माझ्या हातानं झालं काय. नाही म्हणा असं माझं म्हणणं नाही. जे खरं असेल ते लिहा.'

डॉक्टरांना पोर चांगली आठवत होती. नऊ वर्षांची असताना हातपंपाचा दांडा उसळून तिच्या नाकावर बसला. धरणात जुनं गाव गेलं होतं, नव्या गावात दवाखाना यायचा होता. नाकाच्या आत रक्त साठलं, त्याचा पू झाला, आणि नाकाला आतून उचलून धरणारी कूर्चा विरघळून गेली. मग नाकाची दांडी मधेच खचली, पावसाळ्यानंतर बांध खचावा तशी. विसाव्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या बरगडीची कूर्चा काढून, तासून, त्या खचलेल्या जागी बसवली होती. भंडाऱ्यातल्या एका लहानशा दवाखान्यात केलेलं ते काम त्यांच्या मोजक्या अभिमानाच्या कामांपैकी होतं.

उत्तर न लिहायला कारणं पुष्कळ सापडली. आधी काम होतं, मग महामारी आली, मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटू लागली. पण या सगळ्यांच्या तळाशी एक कारण होतं. ऑपरेशन पुस्तकाबरहुकूम झालं होतं, तशी नोंद होती. म्हणजे दोष थापडीचाच. आणि हे बापाला कोणत्या शब्दांत लिहायचं? न लिहिणं हीच दया, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. समजूत घट्ट बसली नव्हती, म्हणून तर पवनीच्या घरात निवृत्त होऊन बसल्यावरही ते पत्र त्यांनी फाडलं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी डोमांचा मुलगा धम्मदीप दारात उभा राहिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, हातात लग्नपत्रिका. येत्या रविवारी नागपूरला दीपमालाचं लग्न होतं. पाणी पिऊन झाल्यावर तो मुद्द्यावर आला. बाबा लग्नाला यायला तयार नव्हते.

"म्हणते, ज्या हातानं पोरीचं नाक वाकडं केलं त्याच हातानं तिच्यावर फुलं कशी टाकू. आई समजावून समजावून थकली. साहेब, बाबानं तुमाले पत्र धाडलं होतं म्हणे, पाच वर्सं झाले. भेटलं होतं का जी?"

डॉक्टर समोरच्या वर्तमानपत्रांच्या गड्डीच्या कडा सारख्या करत राहिले.

"आठवत नाही," ते म्हणाले.

"डाकेतच गहाळ झालं असंन," धम्मदीप म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका सहज विश्वास होता की डॉक्टरांना मान वर करवेना.

ते म्हणाले की मीच येऊन बाबांशी बोलतो. धम्मदीपनं मान हलवली.

"तोंडी नको जी. धरणात गाव गेलं तवापासून बाबाले तोंडी काही पटत नाही. कागदावर असंन तेच खरं. आन नुसतं 'तुमचा दोष नाही' लिहून द्याल, तर मानणार नाहीत. विचारतीन, मंग काहून झालं?"

डॉक्टरांनी कागद पाहून सांगतो म्हटलं आणि त्या वेळचा दीपमालाचा एखादा फोटो पाठवायला सांगितलं. धम्मदीप निघून गेला. रविवारला सहा दिवस होते. बाप लग्नाला गेला नाही तर ते कायमचं राहणार होतं. आणि आपण आत्ताच त्याच्या मुलाच्या तोंडावर खोटं बोललो होतो.

२

डॉक्टरांनी जन्मभर रहस्यकथा वाचल्या होत्या, पण एक खोड होती. उत्कंठा सोसवत नसे, म्हणून ते शेवटचं प्रकरण आधी वाचत. खुनी कोण हे कळलं की मग निवांतपणे पहिल्या पानाकडे येत. या प्रकरणाचं शेवटचं पान मात्र कुठं मिळत नव्हतं.

दुपारी फोटो आला. धम्मचक्र दिनाचा, म्हणजे थापडीनंतर पाचेक आठवड्यांनी काढलेला. पांढरी साडी, डोळ्यांवर चष्मा, आणि नाकाची दांडी स्पष्टपणे तिच्या डाव्या बाजूला वळलेली. डॉक्टरांनी आपल्या कपाटातून तिची फाईल काढली. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, मे महिन्यात घेतलेल्या फोटोत तीच दांडी सुतासारखी सरळ होती. त्यानंतर ती तपासणीला आलीच नव्हती.

म्हणजे मे आणि ऑक्टोबर यांच्या मधे काहीतरी घडलं. थापड बरोबर मधे होती.

मग डॉक्टरांना एकदम सुचलं. समोरासमोर उभा राहून माणूस उजव्या हातानं थापड मारतो तेव्हा ती समोरच्याच्या डाव्या गालावर बसते. नाक ढकललं गेलं तर उजवीकडे जाईल. दीपमालाचं नाक डावीकडे वळलं होतं. खात्री करायला ते आरशासमोर उभे राहिले आणि हवेत हळूच हात फिरवू लागले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरात.

घर झाडायला आलेली रुखमिणी झाडू थांबवून पाहत होती.

"डास झाले का जी?"

"नाही, नाही," डॉक्टर ओशाळले. "तू झाड."

पण ते खुशीत होते. उत्तर किती सोपं निघालं. कागद ओढून त्यांनी 'श्री. डोमाजी मेश्राम यांस' एवढं लिहिलंसुद्धा. मग स्वभाव आड आला. पुरावा एकदा तपासल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांनी धम्मदीपला फोन लावला आणि, शक्य तितकं सहज, बाबा जेवतात कोणत्या हातानं, असं विचारलं.

"जेवते उजव्या हातानं," धम्मदीप म्हणाला. "आजीनं मारून मारून लावलं होतं. बाकी सगळं डाव्यानं. लिहिणं, विळा धरणं, सगळं. काहून जी?"

३

त्या रात्री डॉक्टरांना झोप लागली नाही. डाव्या हाताची थापड उजव्या गालावर बसते आणि नाक डावीकडे ढकलते. आपणच उभा केलेला पुरावा डोमांच्या विरुद्ध जाऊन बसला होता. लिहायचं तर हेच लिहायचं का?

मंगळवारी सकाळी त्यांनी फोटो पुन्हा पाहिला, आणि या वेळी नाकाऐवजी चष्म्याकडे लक्ष गेलं.

चष्मा एका रेषेत होता. दोन्ही भिंगं डोळ्यांच्या बरोबर समोर. दांडी वाकलेल्या नाकावर चष्मा सरळ बसत नाही. तो नाकाच्या कलानं सरकतो, तिरपा होतो. सरळ बसायचा असेल तर त्याची नाकावरची पॅडं कुणीतरी वाकवून त्या नाकाच्या मापाची करावी लागतात.

कुणी केली, आणि मुख्य म्हणजे केव्हा?

पवनीच्या बसस्टँडजवळ भुपेंद्रचं चष्म्याचं दुकान होतं. आसपासच्या गावांतली निम्मी नजर त्याच्याच हातून जायची. तो डॉक्टरांना पाहून उठून उभा राहिला.

"या साहेब. तुमी नाक बनवता, आमी त्याच्यावर बसतो. आज काय मोडलं?"

डॉक्टरांनी अडखळत दीपमालाचं नाव सांगितलं. भुपेंद्रला लगेच आठवलं. त्याच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असे, कारण नवीन फ्रेमवर तो वर्षभर फुकट दुरुस्ती देई, आणि वर्षाच्या पलीकडे एक दिवसही नाही. म्हणून दुरुस्ती केली की कार्डावर तारीख. पिवळ्या पडलेल्या गठ्ठ्यातून त्यानं ते कार्ड बाहेर काढलं.

तीन तारखा होत्या. अकरा जून, वीस जुलै, चोवीस ऑगस्ट. प्रत्येकीपुढे एकच शेरा: उजवं पॅड आत, डावं बाहेर.

"चष्मा डावीकडं सरकते म्हणे. मी अर्ध्या तांदळाएवढं वाकवून द्यायचो. महिन्या-सव्वामहिन्यानं पोरगी पुन्हा हजर. मले वाटलं फ्रेमच भिकार निघाली. दोनदा माफी मागतली मी तिची."

"तिच्या नाकाकडे नाही पाहिलंस?"

"साहेब, आपण मापाचा माणूस. पोरीच्या तोंडाकडं एवढं निरखून कोण पाहील?"

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, त्या वर्षी एकतीस ऑगस्टला आला होता. डॉक्टरांनी ते पंचांगात आधीच पाहून ठेवलं होतं. थापड बसायच्या आत चष्मा तीनदा डावीकडे सरकला होता, दर वेळी थोडा थोडा. मारानं मोडलेलं नाक एका दिवसात वाकतं, सुजतं, रक्त येतं. हे नाक अडीच महिने गुपचूप वाकत होतं. थापडीनंतर काय झालं असेल ते डॉक्टरांना आता दिसलं. घरातल्या प्रत्येकानं काळजीनं पोरीचं तोंड उजेडात धरून पाहिलं, आणि आधीच वाकलेलं नाक त्यांना पहिल्यांदा दिसलं.

चष्म्यानंच तर केलं नसेल? त्यांनी विचारून घेतलं. भुपेंद्रनं एक फ्रेम स्वतःच्या नाकावर ठेवून दाखवली. चष्मा दोन्ही बाजूंनी सारखा दाबतो, तो एकीकडे ढकलत नाही. दांडी वाकली म्हणून तो सरकला, तो सरकला म्हणून दांडी वाकली नव्हती.

डोमा निर्दोष होते. डॉक्टरांना हायसं वाटायला हवं होतं. उलट दुकानाबाहेर आल्यावर ते उन्हातच उभे राहिले. धम्मदीपचा प्रश्न तसाच शिल्लक होता. मग काहून झालं?

४

उरलेले संशयित दोनच होते.

पहिला प्रविण. तो त्या दिवशी मदतनीस सर्जन होता, आता नागपुरात त्याचं मोठं नाव होतं. बसवलेल्या कूर्चेचा खालचा टाका त्यानं घेतला होता. टाका तिरपा पडला तर दांडीही तिरपी बसते. पण तशी बसली असती तर ती पहिल्या दिवसापासून तिरपी दिसली असती, आणि मे महिन्यातला फोटो सरळ होता. प्रविण सुटला. डॉक्टरांना क्षणभर वाईट वाटलं, आणि कशाचं वाईट वाटलं हे कळल्यावर त्याहून जास्त.

राहिली ती कूर्चा स्वतः, आणि तिला तासणारा हात.

बरगडीची कूर्चा म्हणजे सुकलेलं लाकूड नव्हे. ऊस बाहेरून सोलला तरी आतून सरळ राहतो, तसं हिचं नाही. हिची बाहेरची साल ताणलेली असते, आतला गाभा त्या ताणाला रेटून धरतो. दोन्हीकडची ओढ सारखी असते म्हणून बरगडीत ती तोल सांभाळून असते. एका बाजूची साल काढली आणि दुसरीकडची ठेवली, की जिकडे साल आहे तिकडे ती वाकते. आज नाही तर चार महिन्यांनी. तरुण माणसाची तर जास्तच. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखं तासून फक्त मधला गाभा घ्यायचा, आणि मग सर्वात महत्त्वाचं म्हणजे थांबायचं. तुकडा सलाईनच्या वाटीत अर्धा तास ठेवायचा. ज्याला वाकायचं आहे तो बहुतेक वाटीतच वाकून दाखवतो. वाकला तर तो नाकात घालायचा नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे करून पातळ पडद्यात गुंडाळून बसवायचे. भुग्याला कल नसतो.

हे सगळं डॉक्टरांना पाठ होतं. त्यांनी ते म्हातारपणाकडे झुकताना पुस्तकांतून शिकलं होतं, आणि पुस्तकातून शिकलेला माणूस पायरी चुकवत नाही. नोंदवहीत त्यांच्याच वळणदार अक्षरात होतं: 'कूर्चा दोन्ही बाजूंनी समान तासली. सलाईनमध्ये तीस मिनिटे ठेवली. कल आढळला नाही. बसवली.'

याच चार वाक्यांच्या आडोशाला ते पाच वर्षं बसले होते. आता तीच वाक्यं त्यांनी धम्मदीपच्या नजरेनं वाचायचा प्रयत्न केला. मग डोमांच्या नजरेनं, ज्यांना कागदावर असेल तेच खरं वाटायचं. असा माणूस कागद कुठून वाचायला सुरुवात करेल? अगदी वरून. तारखेपासून.

वहीतली तारीख बारा फेब्रुवारी होती.

फाईलमधलं घरी सोडल्याचं कार्ड त्यांनी शेजारी ठेवलं. शस्त्रक्रिया, तेरा फेब्रुवारी.

डॉक्टर हळूच खुर्चीत बसले. व्हायच्या आदल्या दिवशीच ती शस्त्रक्रिया यथासांग पार पडली होती.

५

सवय जुनी होती आणि तिची त्यांना नेहमीच लाज वाटायची, म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. मोठं काम असलं की आदल्या संध्याकाळी ते घरी बसून त्याची नोंद लिहून काढत. प्रत्येक पायरी, प्रत्येक टाका. त्यानं हात स्थिर राहत. दुसऱ्या दिवशी जे वेगळं घडेल ते खोडून दुरुस्त करायचं, आणि ते करतही. रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण आधी वाचणारा माणूस स्वतःचं शेवटचं प्रकरण आधी लिहून ठेवत होता.

त्या नोंदीत एकही खोडाखोड नव्हती. म्हणजे तेरा तारखेला सगळं तसंच घडलं होतं, किंवा त्यांनी वही पुन्हा उघडलीच नव्हती. त्यांना आठवेना. आठवत नाही हे या वेळी खरं होतं, पण ते कुणाला पटेल असं त्यांनाच वाटेना.

बुधवारी ते बसनं अड्याळला गेले. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर पुष्पाबाई निवृत्तीनंतर तिथं मुलाकडे राहत. त्या पडवीत काडीवर सरगुंडे, गव्हाच्या पिठाच्या पोकळ शेवया, वळत बसल्या होत्या. साहेबांना दारात पाहून त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले, चहा ठेवला, साखर कमी झाली का विचारलं, सुनेची तक्रार केली, मुलाच्या नोकरीचं सांगितलं. डॉक्टर सगळ्याला हो हो म्हणत राहिले. शेवटी पुष्पाबाईच म्हणाल्या,

"साहेब, तुमी मेश्रामच्या पोरीचं विचारायले आले न?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"तिच्या लग्नाचं कळलं मले. तवापासून वाटून राहिलं होतं, तुमी येसान म्हणून. तुमाले खरंच आठवत नाही?"

"नाही, पुष्पाबाई."

त्यांनी सरगुंड्याची काडी बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी भूल द्यायला परसराम डॉक्टर होते. चांगला माणूस, पण कायम घाईत. दुपारी त्यांना तुमसरला दुसरी केस होती. कूर्चा काढून, तासून वाटीत टाकली तेव्हापासून ते घड्याळ पाहत होते. झालं का साहेब, असं तीनदा विचारून झालं.

"दहा मिनटं झाले होते. वाटीतला तुकडा वाकला होता. लई नाही, जरासाच. मी म्हटलं, साहेब, अजून वीस मिनटं राहिले, आन तुकडा वाकून राहिला. तुमी माह्याकडं पाहिलं. मंग परसराम साहेबाकडं पाहिलं. त्यायनं घड्याळ दाखवलं. तुमी काहीच नाही बोलले. तुकडा उचलला, एका अंगानं तासला, सरळ झाला. बसवला."

पडवीबाहेर कुणीतरी बाजाराच्या पिशव्या घेऊन गेलं. डॉक्टरांना आता सगळं दिसत होतं. पुष्पाबाईंच्या मास्कवरचे डोळे. परसरामांचं मनगट. आणि न उच्चारलेला शब्द. 'थांबा.' एवढाच. त्या खोलीत सर्वात मोठं पद त्यांचं होतं, आणि एका घाईतल्या माणसाला थांबा म्हणायचा त्यांना संकोच वाटला होता.

"कोणत्या अंगानं तासला?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण साक्ष पुरी व्हायला हवी होती.

"उजव्या. तुमीच निळ्या शाईचं निशाण केलं होतं उजवीकडं. त्या निळ्या साली मीच उचलून टाकल्या."

उजवीकडची उरलीसुरली साल गेली, डावीकडची राहिली. तुकडा त्या क्षणी सरळ दिसला, आणि मग जिकडे साल होती तिकडे, महिन्याला अर्ध्या तांदळाएवढा, वळत गेला. भुपेंद्रच्या कार्डावरच्या तीन तारखा, फोटोतला डावीकडचा कल, आदल्या दिवशीची नोंद. आता काहीच सुटं राहिलं नव्हतं.

"तेव्हा बोलला का नाहीत?" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"बोलले न जी. एकदा बोलले." पुष्पाबाई पिठाकडे पाहत होत्या. "दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तुमी थांबले असते. हे मले पाच वर्सं खाऊन राहिलं. डोमाभाऊ बाजारात दिसला का मी रस्ता बदलतो, साहेब."

६

बुधवारी संध्याकाळी डॉक्टरांनी आणखी एक काम केलं, ज्याची त्यांना सर्वात जास्त भीती वाटत होती. धम्मदीपकडून नंबर घेऊन त्यांनी दीपमालाला फोन लावला. ती नागपुरात एका बँकेत होती. त्यांनी तयार करून ठेवलेली वाक्यं कागदावरून वाचली. चूक माझी होती. थापडीची नव्हती. दांडी पुन्हा सरळ करता येते, माझे हात आता थरथरतात, पण चांगल्या माणसाकडे मी स्वतः घेऊन जाईन.

मग ती म्हणाली की नाकाचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. होणारा नवरा तर म्हणतो, चष्मा काढू नकोस, तोच तेवढा सरळ आहे. ती जराशी हसली. मग तिचा आवाज बदलला.

"साहेब, थापड तर मारलीच न बाबानं. मी मैत्रिणीच्या गाडीवर पवनीहून उशिरा आली, एवढंच होतं. पाच वर्सं झाले, बाबा येईल त्याच्यापाशी नाकाची माफी मागतात. मले काहीच म्हणत नाहीत. नाकाची नव्हती पाहिजे मले. थापडीची एकदा मागतली असती तर मी तवाच विसरली असती."

"हे पत्रात लिहू?" डॉक्टरांनी भीत भीत विचारलं.

"लिहा," ती म्हणाली. "आन हेही लिहा का रविवारी त्यायच्यासाठी थांबून राहू."

त्यांनी रात्री जेवण झाल्यावर लिहायला घेतलं आणि पहिले चार कागद फाडले. पहिल्यात वैद्यकीय शब्द फार होते. दुसऱ्यात परसरामांचं घड्याळ फार होतं. तिसऱ्यात 'खेद वाटतो' असं होतं, जे सरकारी पत्रांत असतं, आणि डोमांनी तसली पत्रं पुष्कळ वाचली होती. चौथं बरं होतं, पण त्यात पत्र डाकेत गहाळ झाल्याचा आडोसा तसाच राहिला होता. पाचवं त्यांनी एका दमात लिहिलं.

'श्री. डोमाजी मेश्राम यांना सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मला पाच वर्षांपूर्वीच मिळालं होतं. ते हरवलं नाही. मी उत्तर दिलं नाही. सोमवारी तुमच्या मुलाला मी आठवत नाही म्हणालो, ते खोटं होतं.

तुम्ही विचारलं होतं, ते माझ्या हातानं झालं काय. नाही. ते माझ्या हातानं झालं. बरगडीतून काढलेला तुकडा अर्धा तास पाण्यात ठेवून पाहायचा असतो. मी दहाच मिनिटं ठेवला. तो वाकू लागला होता, सिस्टरनी मला तसं सांगितलं होतं. मी फक्त उजवीकडून तासून तो सरळ केला आणि बसवला, म्हणून तो पुढं डावीकडे वळत गेला. तान्ह्या पोळ्याच्या आधी तुमच्या मुलीचा चष्मा तीन वेळा सरकला होता. दुकानदाराच्या कार्डावर तारखा आहेत, नक्कल सोबत जोडली आहे. त्याआधी मे महिन्यात नाक सरळ होतं, तोही फोटो जोडला आहे. थांबायला मला कुणी मनाई केली नव्हती. मला थांबा म्हणायचा संकोच वाटला.

थापडीबद्दल मी काही म्हणू शकत नाही. ती तुमची आणि दीपमालाची गोष्ट आहे. तिनं सांगायला सांगितलं आहे की तिला नाकाची माफी कधीच नको होती, थापडीची हवी होती. आणि रविवारी ती तुमच्यासाठी थांबणार आहे.

हा कागद तुम्ही कुणालाही दाखवू शकता.'

गुरुवारी पोस्ट उघडायच्या आधीच डॉक्टर पायरीवर उभे होते. खिडकीवर रिता नावाची मुलगी होती. तिनं पाकीट तराजूवर ठेवलं, पत्ता वाचला, आणि स्पीड पोस्टनं उद्या, फार तर परवा नक्की पोचेल असं सांगितलं. मग पाकीट उलटं करून पाहिलं.

"पाठवणाऱ्याचं नाव नाही लिहिलं जी."

डॉक्टरांनी पाकीट मागे घेतलं. रात्री पत्ता लिहून झाल्यावर त्यांचा हात तिथंच थांबला होता, आणि विसरलो असेन असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. त्यांनी खिडकीच्या फळीवर पाकीट टेकवून नाव लिहिलं. डॉक्टर सेवकराम हटवार. खाली गल्ली, खाली पवनी.

"फोन नंबरपण टाका साहेब. लागते तो. घेणाऱ्याले काही विचारायचं असंन तर."

डॉक्टरांचं पेन कागदाच्या वर जरा वेळ तसंच राहिलं. मागच्या माणसानं घसा खाकरला. तेव्हा त्यांनी एकेक आकडा, वाचता येईल असा सुटा सुटा, लिहून काढला.

रितानं पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.